वाढत्या अंगाचं शहर

रॉचेस्टर हे वाढत्या अंगाचं शिवलेलं शहर. 1950 च्या जनगणनेत इथे 3,32,488 माणसं होती. पोरगं अजून उंच होणार, या हिशेबाने कारभाऱ्यांनी रस्ते, पूल, बाजार सगळंच चार बोटं जास्तीचं बेतलं. पोरगं काही वाढलं नाही. 2020 मध्ये डोकी मोजली तर 2,11,328. अशा ढगळ गावात माझा सगळा संसार झाला. पुण्याच्या नातेवाइकांच्या लेखी मी ‘न्यूयॉर्कला’ असते. राज्य तेच, पण मॅनहॅटन आमच्यापासून गाडीने साडेपाच-सहा तासांवर. आम्हाला जवळ म्हणाल तर ऑन्टॅरिओ सरोवर आणि पलीकडचा कॅनडा.

नोकरी केली ती शहराच्या रंडेल वाचनालयात, स्थानिक इतिहासाच्या टेबलावर. 1936 साली उघडलेली ही दगडी इमारत जेनेसी नदीच्या अगदी काठावर आहे. तिच्या पोटातून पाणचक्क्यांचा जुना पाट जातो आणि कमानींमधून नदीत पडतो. त्याच पोटात एक बंद पडलेला रेल्वेचा बोगदाही आहे. वर आम्ही कागद सांभाळत होतो. ज्या गोष्टींचे ते कागद, त्यातल्या बऱ्याचशा पायाखालीच होत्या.

गाव वसलं ते धबधब्यामुळे. जेनेसी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि भर वस्तीत सुमारे 96 फूट खाली कोसळते. 1803 मध्ये मेरीलँडच्या कर्नल नथॅनिएल रॉचेस्टर यांनी दोन भागीदारांबरोबर इथली शंभर एकर जमीन घेतली. पाण्याच्या जोरावर पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, पण दळलेलं पीठ न्यायचं कसं? ते कोडं 1825 मध्ये पुऱ्या झालेल्या ईरी कालव्याने सोडवलं. हडसन नदीपासून ईरी सरोवरापर्यंतचा हा 363 मैलांचा जलमार्ग रॉचेस्टरच्या मधोमध नदीला आडवा येत होता. म्हणून नदीवर दगडी पूल बांधून त्यावरून कालवा नेला. खाली नदी, वर नावा, आणि त्या ओढणारी खेचरं काठाच्या वाटेवर. 1823 चा पहिला पूल गळू लागला, मग 1842 मध्ये दुसरा बांधला. तो अजून उभा आहे. 1830 च्या दशकात अमेरिकेत पिठासाठी या गावाचं नाव आधी घेतलं जाई.

पुढे गहू पश्चिमेकडे सरकला. विसाव्या शतकात कालवाही रुंद करून शहराच्या दक्षिणेला वळवला. गावात उरला कोरडा चर. शहराने तो विकत घेतला, त्यात रूळ टाकले आणि मध्यवस्तीत वरून छत घालून ब्रॉड स्ट्रीट हा रस्ता केला. 1 डिसेंबर 1927 ला सबवे सुरू झाली. भुयारी रेल्वे असलेलं अमेरिकेतलं सर्वांत लहान शहर म्हणून आमचं गाव मिरवायचं. खरं तर ती बरीचशी उघड्या चरातूनच धावायची. अडचण वेगळीच होती. कालवा मालाच्या सोयीने खणलेला. माणसांना जायचं असायचं भलतीकडेच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर रेशनवर होते तोवर डबे भरले. नंतर घरोघरी मोटारी आल्या आणि 1956 च्या जूनअखेरीस प्रवासी गाड्या थांबल्या. चराचा पूर्वेकडचा भाग महामार्गाला दिला. बोगद्यातून वर्तमानपत्राच्या कागदाची रिळं मात्र 1990 च्या दशकापर्यंत येत होती. आता तिथे रंगवलेल्या भिंती आहेत आणि त्या बघायला विजेऱ्या घेऊन येणारी कॉलेजची पोरं.

हे सगळं परवडलं कशावर? कोडॅकवर. जॉर्ज ईस्टमनने 1888 मध्ये शंभर फोटोंची फिल्म आधीच भरलेला कॅमेरा 25 डॉलरला विकायला काढला. फोटो काढून झाले की कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. फोटो धुऊन-छापून, नवी फिल्म भरून तो परत यायचा. तेव्हापासून या गावाचा पत्ता जगाला पाठ झाला. आपलाही धागा त्यात आहेच. 1912 मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले, त्यांनी विल्यमसनचा कॅमेरा घेतला आणि कच्ची फिल्म मागवली ती कोडॅकची. आमच्या ह्यांना हा किस्सा सांगायची भारी हौस. ते फिल्मवर थर चढवण्याच्या विभागात होते. तिथलं काम मिट्ट अंधारात चाले. कोपऱ्यावर वळताना माणसं आवाज देत, भिंतीला हात लावून चालत. ती सवय इतकी अंगात मुरली की रात्री वीज गेली तर घरात मेणबत्ती शोधायला हेच जात, न धडपडता.

त्या कारखान्याची स्वतःची रेल्वे होती, स्वतःचा अग्निशामक बंब होता. 1912 पासून कामगारांना नफ्यातला वाटा मिळे. मार्चमध्ये बोनस आला की मोटारीचे आणि फर्निचरचे दुकानदार जाहिरातींचा पाऊस पाडत. वाद्यवृंद, नाट्यगृह, दंतचिकित्सा, विद्यापीठ, जिथे जाल तिथे ईस्टमनचा पैसा. 1982 मध्ये एकट्या रॉचेस्टर भागात कोडॅकचे साठ हजारांवर नोकर होते. मध्यम शहराचं सुख हे आणि धोकाही हाच: शहर म्हणजे एक कंपनी. डिजिटल कॅमेराही इथेच, 1975 मध्ये, कोडॅकच्याच स्टीव्ह सॅसन या तरुण इंजिनिअरने जुळवला. 2012 च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पण हा पैसा सगळ्यांच्या दारी गेला नव्हता. दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना जुन्या वॉर्डांतल्या दाटीच्या चाळीवजा घरांपलीकडे कुठे जागा मिळत नसे आणि मोठ्या कारखान्यांत नोकरीही. जुलै 1964 मध्ये जोसेफ अव्हेन्यूवर ठिणगी पडली, दंगल तीन दिवस चालली, नॅशनल गार्ड बोलवावं लागलं. त्यानंतर पाद्री फ्रँकलिन फ्लॉरेन्स यांच्या पुढाकाराने ‘फाइट’ ही संघटना उभी राहिली आणि नोकऱ्यांसाठी थेट कोडॅकशी भिडली.

त्याच काळात शहराने दुसरा चर खणला. मध्यवस्तीला वेढा घालणारा, जमिनीत खोल उतरवलेला ‘इनर लूप’ हा महामार्ग 1950 च्या दशकात सुरू होऊन 1965 मध्ये पुरा झाला. उपनगरातून गाड्या याव्यात, दुकानं भरावीत, शहर वाढावं, हा हेतू. त्यासाठी शेकडो घरं पाडली. पुढे गाड्या आल्या तशाच, त्याच रस्त्याने, उपनगरात निघून गेल्या.

वाचनालयात मला या घरांचे वारस भेटत. एक म्हातारे गृहस्थ आठवतात. हातातल्या चिठ्ठीवर घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव; रस्ता नकाशात होता, शहरात नव्हता. मी जुन्या जमीननोंदीच्या नकाशांचा भलामोठा खंड उघडला. त्यात लाकडी घरं पिवळी आणि विटांची गुलाबी रंगवलेली असतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बोट फिरवत गेले. हा न्हावी, ही चर्चची मागची पायरी, इथे आईची बहीण. त्यांचं घर पिवळं होतं, दोन बोटं रुंद. त्यांनी छायाप्रत मागितली आणि विचारलं, “जमिनीचे किती दिले होते, तेही कुठे लिहिलेलं असतं का?” असतं, पण ते कागद वाचनालयात नसतात. मी त्यांना काउंटीच्या कचेरीचा पत्ता लिहून दिला.

2014 ते 2017 या काळात शहराने इनर लूपचा पूर्वेकडचा भाग चक्क बुजवला. खोल महामार्गाच्या जागी साधा रस्ता, सायकलींची वाट आणि बिऱ्हाडांच्या इमारती आल्या. खेळांच्या संग्रहालयाची नवी वाढीव इमारतही त्याच जमिनीवर आहे. दुसऱ्या शहरांतले नियोजनकार ते बघायला येतात. मलाही तिथून चालत जायला आवडतं, पण घरांची भाडी विचारल्यावर कळतं की ज्यांची पिवळी घरं गेली त्यांच्या नातवंडांना ती झेपणार नाहीत.

इथे राहणं कसं आहे, असं भाचे-पुतणे विचारतात. सोयीचं आहे. कुठेही वीस मिनिटांत पोचता येतं. वर्षाकाठी शंभर इंचांच्या आसपास बर्फ पडतो; तो काढताना शेजारी आपल्या फुटपाथवरूनही यंत्र फिरवून जातो. 1905 पासून चालू असलेल्या पब्लिक मार्केटात शनिवारी मेथी मिळेलच असं नाही, पण नगरसेवक हमखास भेटतो. मोठ्या शहरात कोणी काय निर्णय घेतला ते गर्दीत हरवतं. इथे प्रत्येक निर्णयावरून रोज चालावं लागतं आणि तो घेणाऱ्याचा मुलगा तुमच्या ओळखीचा निघतो.

आता लूपचा उत्तरेकडचा भाग बुजवायचा बेत चालला आहे. जाहीर सभा होतात, मी जाते. वास्तुविशारद सुरेख चित्रं दाखवतात, त्यांत झाडांखाली तरुण जोडपी कॉफी पीत असतात. मी जुन्या नकाशाची प्रत टेबलावर ठेवते आणि दर वेळी तेच विचारते: नव्या घरांपैकी किती घरं इथल्या माणसाच्या पगारात बसतील, आणि हे तुम्ही लिहून देणार का? अजून कोणी लिहून दिलेलं नाही. पण आता सभेत तो प्रश्न विचारणारी मी एकटी राहिलेली नाही.