हजार वर्षांचे रेशीम आणि त्याचा अनामिक विणकर

वस्त्र अल्पायुषी असते, हे आपणां विणकरांच्या वंशजांस कोणी सांगावयास नको. कसर, ओल आणि ऊन यांतून शंभर वर्षे तगलेले लुगडेही विरळाच. म्हणूनच पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील हजार वर्षांहून जुन्या एका रेशमी वस्त्राची हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटले.

हे वस्त्र इ. स. ९६१ पूर्वी खुरासान प्रांतात, सामानी राजांच्या अमदानीत विणले गेले. आज त्याचे दोनच तुकडे उरले आहेत. त्यांवर समोरासमोर उभे हत्ती असून काठावर दोन मदारींच्या उंटांची रांग आहे. हत्तींच्या पायांशी कूफी वळणाची अरबी ओळ आहे. सेनापती अबू मन्सूर बुख्तकीन यास वैभव लाभो व ईश्वर त्यास चिरकाल राखो, असा तिचा आशय.

ही अक्षरे भरतकामाची नव्हेत; ती मागावरच विणलेली आहेत. आपल्या पैठणीत प्रत्येक रंगाची कांडी आपल्या जागेपुरतीच फिरते. येथे मात्र सर्व रंगांचा बाणा काठापासून काठापर्यंत जातो; हवा तो रंग वर येतो आणि बाकीचे मागे दडतात. अशा मागावर नक्षीच्या दोऱ्या ओढण्यास दुसरा माणूस लागे. त्याची एक दोरी चुकली, तर हत्तीचा पाय वा सेनापतीचे नाव बिघडावयाचे!

ज्याच्या दीर्घायुष्याची प्रार्थना विणली गेली, त्या बुख्तकीनास ९६१ मध्ये त्याच्याच राजाच्या आज्ञेने ठार करण्यात आले. वस्त्र मात्र उरले. पहिल्या धर्मयुद्धानंतर ते फ्रान्समध्ये पोहोचले असे मानतात. तेथील सेंट-जॉस मठात ११३४ मध्ये त्या नावाच्या संताच्या अस्थी त्यात गुंडाळण्यात आल्या. १९२२ मध्ये ते लूव्रमध्ये दाखल झाले.

सेनापतीचे नाव उरले, संताचेही उरले; ज्या दोघांच्या हातांनी ते विणले, त्यांचे मात्र कोठेच नाही. आपल्या घरांतही असेच घडत आले आहे. विकत घेणाऱ्या सावकाराचे नाव वहीत सापडते. विणणाऱ्या आजोबांचे आणि कांड्या भरणाऱ्या आजीचे सापडत नाही. यास्तव आमची नम्र विनंती आहे की, ज्यांच्या पेटीत घरच्या मागावरचे एखादे वस्त्र असेल, त्यांनी विणणाऱ्याचे नाव, गाव व साल कागदावर लिहून त्याच्या घडीत ठेवावे. आठवण सांगणारी वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे साधेल.