आत्म्याला हाक कोणी मारावी?

रोमन सम्राट हेड्रियन इ. स. १३८ मध्ये नेपल्सनजीक बाइये येथे वारला. मृत्यू समोर दिसत असताना त्याने स्वतःच्या आत्म्याला उद्देशून पाच ओळींची लॅटिन कविता रचली, असे 'हिस्टोरिया ऑगस्टा' हा चरित्रग्रंथ सांगतो. कविता त्याचीच का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिच्या गोडव्याविषयी नाहीत. ब्रिटनमध्ये सागरापासून सागरापर्यंत भिंत घालणारा हा सम्राट इथे आत्म्याला लघुत्ववाचक रूपांनी कुरवाळतो. आपण 'चिमणे'चे 'चिमणुले' करतो, तसे. शरीर सोडून निघालेल्या एखाद्या लहानग्या पाहुण्याची त्याला काळजी वाटते आहे.

त्याच्याच योजनेनुसार अँटोनायनसने दत्तक घेतलेला आणि पुढे सम्राट झालेला मार्कस ऑरेलियस. तोही आपल्या ग्रीक टिपणांत आत्म्याशी बोलतो, पण सूर निराळा. तिथे लाड नाहीत, कानउघाडणी आहे. हे वाचताना मराठी वाचकाला रामदासांच्या २०५ 'मनाच्या श्लोकां'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र रामदास बोलतात ते मनाशी. हा फरक केवळ शब्दाचा नव्हे.

आपल्याकडील तत्त्वचिंतनात मन हे इंद्रियांच्या पंक्तीतले. त्याला समजावता येते, दटावता येते. आत्म्याचे तसे नाही. सगळ्याला जाणणारा जो, त्याला कशाने जाणावे, असा प्रश्न बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीपुढे ठेवतो. हा प्रश्न मान्य केला की संबोधन विभक्तीच अडचणीत येते, कारण हाक मारणारा आणि हाक ऐकणारा एकच! ज्ञानदेवांनी 'चांगदेव पासष्टी'त ही अडचण टाळली नाही, उलट तिचेच काव्य केले. ६५ ओव्यांचे ते पत्र एका थोर योग्याला लिहिलेले. पण पाण्याचा ठाव घ्यायला गेलेल्या मिठासारखे तिथे भेटणारेच उरत नाहीत. पत्र म्हणून पाहता असे दुसरे पत्र मराठीत मला तरी आढळलेले नाही.

म्हणून हेड्रियनची कविता वर्गात शिकवताना 'आत्मा' हा प्रतिशब्द बेधडक वापरला जातो तेव्हा खटकते. अद्वैतातला आत्मा कुठे जात नाही, कुडकुडत नाही, त्याच्या थट्टामस्करीला खंड पडत नाही. जातो तो 'जीव'. तो लागतो, रमतो, तुटतो, टांगणीला लागतो, आणि 'जिवा' अशी हाक मारली तर मराठी कानाला मुळीच परकी वाटत नाही. पाश्चात्य भाषांतला एकच शब्द आपल्याकडे मन, जीव आणि आत्मा असा तिघांत वाटला गेला आहे. मार्कसच्या टिपणांत बहुतेक ठिकाणी 'मना' हे संबोधन चालेल. हेड्रियनसाठी 'जिवा'च हवे. अर्थात लॅटिनमधले ते स्त्रीलिंगी, इवलेसे रूप मराठीत कसे आणावे, हा पेच त्यानंतरही शिल्लक राहतोच.