पुढील स्टेशन उल्हासनगर

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी मी अंबरनाथहून सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये चढलो. डब्यात गर्दी बेताची होती. गाडी सुटली तसा दाराजवळ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पुढील स्टेशन उल्हासनगर!"

मी प्यायलो नव्हतो, रील बनवत नव्हतो, पैजही हरलो नव्हतो. तो माझा गृहपाठ होता. असा गृहपाठ पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या सबवेसाठी दिला गेला. तो अंबरनाथच्या लोकलपर्यंत कसा पोचला, त्याची ही गोष्ट.

आधी माझं सांगतो. मी अंबरनाथ पूर्वेचा, शिवमंदिराच्या बाजूला वाढलेला. इंजिनिअरिंग केलं, आता पाच वर्षं कोड लिहितोय. चार लोकांसमोर बोलायची वेळ आली की माझं त त प प होतं. व्हायवाला उत्तर डोक्यात असायचं, तोंडातून बाहेर पडायचं नाही. कॉलेजात मला एकदा समुपदेशनाला पाठवलं. समोरच्या सरांनी वीस मिनिटं सांगितलं की आत्मविश्वास ठेव, सकारात्मक विचार कर. मी मान डोलावली. पुढच्या व्हायवाला पुन्हा तेच.

नोकरीत हे महागात पडलं. एका रिलीजच्या आदल्या दिवशी मला कोडमधली चूक दिसली होती. मीटिंगमध्ये चौदा जण होते. आपलं चुकलं तर हसं होईल म्हणून मी गप्प बसलो. त्या रात्री सिस्टीम कोसळली. बोलणी खाल्ली ती माझ्या मित्राने, कारण कोड त्याचा होता. मला आधीच दिसलं होतं, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

त्यानंतर मी ठाण्याला एका समुपदेशक मॅडमकडे जाऊ लागलो. त्यांनी उपदेश केला नाही. प्रश्न विचारले आणि दर वेळी घरी करायला काम दिलं. अल्बर्ट एलिस हे नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं.

एलिसचा जन्म १९१३चा. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने वरचेवर हॉस्पिटलात जाणारा, कमालीचा लाजरा मुलगा. त्याला दोन गोष्टींची धडकी भरायची: लोकांसमोर बोलणं आणि मुलींशी बोलणं. पण तो वाचायचा खूप, आणि त्याच्या वाचनात वर्तनवाद्यांचे दोन प्रयोग आले होते.

पहिला १९२०चा. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवला. मूल घाबरलं नाही. मग उंदीर समोर आला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं. काही दिवसांत आवाज नसतानाही ते मूल उंदीर बघून रडू लागलं. भीती शिकवता येते, हे सिद्ध झालं. ती भीती घालवायचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती करू देणार नाही.

दुसरा १९२४चा, मेरी कव्हर जोन्स यांचा. तीनेक वर्षांचा पीटर सशाला घाबरायचा. जोन्सबाईंनी त्याला आवडीचा खाऊ देत, पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला. मग रोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. ससा चावत नाही यावर पीटरला कोणी भाषण दिलं नव्हतं.

एलिसने हे स्वतःवर करून बघायचं ठरवलं. आधी ठिकठिकाणी जाऊन भाषणं करायला स्वतःला भाग पाडलं. मग वयाच्या १९व्या वर्षी ब्रॉंक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर रोज जायचं, बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला लागायचं. त्याच्या हिशोबाने अशा १३० जणी भेटल्या. ३० जणी उठून गेल्या. १०० जणींशी तो बोलला. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. आज हा प्रयोग वाचताना त्या बाकावरच्या बायकांना काय वाटलं असेल, हे मनात येतंच. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण एलिसच्या हाती एक गोष्ट लागली: इतका नकार पचवूनही काही कोसळलं नाही, आणि भीती गेली.

सिद्धांत आला तो नंतर, वीसेक वर्षांनी. मधल्या काळात एलिस मनोविश्लेषण शिकला, त्याला कंटाळला, आणि १९५५मध्ये त्याने स्वतःची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली. तिचं सूत्र एपिक्टेटस या जुन्या तत्त्वज्ञाकडून घेतलेलं: माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलचं त्याचं मत अस्वस्थ करतं. या मतांमधलं सगळ्यात घातक मत म्हणजे हट्ट. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. 'मला नीट बोलता आलं तर बरं' ही इच्छा झाली. 'मला नीट बोलता आलंच पाहिजे', इथे तो 'च' आला आणि घशाला कोरड पडली.

महाराष्ट्रात हे आणण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. एलिसशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. आपल्या हट्टी मताशी वाद घालायचा, ही एलिसची महत्त्वाची पायरी. १९८२च्या एका लेखात फडक्यांनी त्या पायरीची फोड केली: आधी ते मत हुडकायचं, मग ते विवेकी मतापासून वेगळं ओळखायचं आणि त्याच्याशी वाद घालायचा. मला हे वाचताना डिबगिंगच आठवलं. बग कुठे आहे हे सापडल्याशिवाय कोड बदलत बसण्यात अर्थ नसतो. पुढे १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात आयपीएच ही संस्था काढली आणि एलिसचे विचार व्याख्यानांतून, पुस्तकांतून घराघरांत नेले. अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' आलं. एलिस मराठी झाला.

माझी एक शंका मात्र आहे. 'विवेक' हा शब्द आपल्याकडे संतांपासून चालत आलाय. तो कानावर पडला की आपण मान डोलावतो आणि घरी जातो. 'समुपदेशन' या शब्दाच्या तर पोटातच 'उपदेश' बसलाय. आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या वर्तन बदललं ते छडीने. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मारायला आणि मानसिक छळाला मनाई केली. छडी खाली ठेवलेला हात मग बऱ्याच ठिकाणी भाषणाकडे वळला. एलिसच्या इतिहासातला क्रम मात्र असा आहे: आधी बाकावर जाऊन बसणं, मग तत्त्वज्ञान. त्याचे रुग्णही घरी जाताना काम घेऊन जात. लाजेवर हल्ला करायचा म्हणून सबवेत स्टेशनांची नावं ओरडायची, हे त्यातलंच एक.

माझ्या बाबतीत मॅडमनी आधी सहा आठवडे छोटी कामं दिली. दुकानात भाव विचारून काही न घेता निघायचं. मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारायचा. जोन्सबाईंचा ससा असाच हळूहळू जवळ आला होता. लोकल त्यानंतर.

तर, उल्हासनगर. आवाज चिरकला. दोघांनी वळून पाहिलं, एका मुलीने कानातला हेडफोन काढून परत घातला. पोटात गोळा आला होता, पण गाडी चालूच होती. मी पुन्हा म्हणालो, "पुढील स्टेशन विठ्ठलवाडी!" खिडकीशी डुलक्या काढणाऱ्या काकांनी डोळे न उघडता विचारलं, "डोंबिवली आली की सांगशील का रे?"

कल्याण सांगितलं, ठाकुर्ली सांगितलं, डोंबिवलीला काकांना उठवलं. ते "थँक यू" म्हणून उतरले.

मी ठाण्याला उतरलो आणि फलाटावरूनच मित्राला फोन लावला. त्या रिलीजच्या आदल्या दिवसाबद्दल सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा सांगायला हवं होतंस." मी म्हणालो, "हो."

तो अजून पूर्वीसारखा बोलत नाही. पण आता मीटिंगमध्ये चूक दिसली की मी हात वर करतो. आवाज अजूनही थोडा कापतो.