जॉनी नापास का झाला?

परवा नातीने माझी पासवर्डची वही पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "आजोबा, असं लिहून ठेवतात का कुठे?" मी ओशाळलो. मग तिला वर्षभर दडवलेली गोष्ट सांगून टाकली. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या एकाला मी फोनवर ओटीपी सांगून बसलो होतो. पैसे गेले त्यापेक्षा लाज जास्त वाटली. जन्मभर मुलांना शिकवलेला माणूस मी!

ती संगणकातलीच. रागावली नाही. तिने दोन जुने शोधनिबंध काढून मला मराठीत समजावून सांगितले.

पहिला १९९९ चा, आल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांचा. ईमेल सांकेतिक करून पाठवायचे एक सॉफ्टवेअर त्यांनी बारा जणांपुढे ठेवले आणि दीड तास दिला. माणसे शिकलेली, ईमेल वापरणारी. तरी जेमतेम एक तृतीयांश लोकांना जमले, आणि तिघांनी तर गुपित चुकून उघडेच पाठवले! निबंधाच्या शीर्षकातला जॉनी आला रुडॉल्फ फ्लेश यांच्या १९५५ च्या पुस्तकावरून. जॉनीला वाचता का येत नाही, या प्रश्नाला फ्लेशनी दोष दिला होता शिकवण्याच्या पद्धतीला. मला एकदम शिक्षकांची खोली आठवली. अख्खा वर्ग एकाच प्रश्नाला अडला की आम्ही आधी आमचे शिकवणे तपासत असू.

दुसरा निबंधही १९९९ चाच, लंडनच्या अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सास यांचा. 'वापरणारे शत्रू नव्हेत' अशा अर्थाचे त्याचे नाव. त्यांनी जालावर प्रश्नावली ठेवली, १३९ उत्तरे आली. शिवाय तीस मुलाखती घेतल्या. पासवर्ड अनेक आणि तेही सारखे बदलायचे, म्हणून लोक ते लिहून ठेवतात, असे त्यात दिसले. म्हणजे माझी वही एकटी नव्हती!

पुढे २००५ मध्ये अ‍ॅमेझॉनचे 'मेकॅनिकल टर्क' आले. थोड्या पैशांत, घरबसल्या शेकडो लोक प्रश्नावल्या भरू लागले आणि अभ्यासकांची सोय झाली. पण अशी उत्तरे साऱ्या समाजाची मानायची का? अमेरिकेत २०१९ साली हे ताडून पाहिले गेले. पन्नाशीच्या आतल्या किंवा थोडेफार कॉलेज शिकलेल्या लोकांबाबत ती बऱ्यापैकी जुळली. त्यापलीकडच्यांबाबत तेवढा भरवसा नाही.

इथे मी थबकलो. पन्नाशीपुढची, कॉलेजचे तोंड न पाहिलेली माणसे तर आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर रोज भेटतात. पटावर नावे असूनही हजेरीत नसलेल्या मुलांसारखी! जालावरच्या प्रश्नावलीत ती यायची कशी? त्यांना विचारायला कुणीतरी वही घेऊन कट्ट्यावरच यायला हवे.

असो. वही आता कपाटात, कुलपात आहे. आणि कट्ट्यावर मी माझ्या ओटीपीची हकिगत सांगितली, तर आणखी दोघे हळूच म्हणाले, "सर, आमचंही तसंच झालं."

मंडळी, तुमच्या घरचे कुणी फसले तर आधी रागावू नका. काय समजले होते, ते विचारा.