पर्सिपोलिसची कावड आणि रोमचे पाणी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या अंगणात दरवर्षी किल्ला होतो. दगडविटांचा ढीग, त्यावर ओले पोते, पोत्यावर चिखलाचा लेप आणि त्यात पेरलेले आळीव-मोहरी. वर सिंहासनावर महाराज, दरवाजाशी पहारेकरी, तटावर मावळे. पण एवढ्याने मुलांचे समाधान होत नाही. पायथ्याशी गाव वसवावे लागते. तेथे भाजीवाली पाटी घेऊन बसते, विहिरीवर घागर घेतलेली बाई येते, कुंभार चाक फिरवीत असतो. गेल्या वर्षी मी नातवाला सहज म्हटले, "अरे, किल्ल्याच्या थाटात ही भाजीवाली कशाला?" चिखलाने भरलेले हात तसेच ठेवून तो म्हणाला, "आजोबा, मग मावळे खाणार काय?"

मी निरुत्तर झालो. कारण प्राचीन नगरांची जी चित्रे आपण लहानपणापासून पाहिली, त्यांत हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. पांढरेशुभ्र संगमरवरी खांब, रुंद पायऱ्या, वर निळे आकाश आणि माणूस एकही नाही! जणू ती नगरे राहण्यासाठी नव्हे, तर चित्र काढून घेण्यासाठीच बांधली होती. प्रत्यक्षात ती शुभ्रही नव्हती आणि निर्मनुष्य तर नव्हतीच. इराणचे पर्सिपोलिस आणि इटलीचे रोम ही दोन नगरे भरभराटीच्या काळी कशी दिसत असतील, हे आज आपण नातवाच्या प्रश्नाचे बोट धरून पाहू.

इराणातील शिराझ शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत एक प्रचंड दगडी चौथरा आहे. पहिल्या दारियस राजाने इ. स. पूर्व ५१८ च्या सुमारास त्याचे काम सुरू केले. चौथरा जवळजवळ साडेचारशे मीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद. वर जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या इतक्या बुटक्या की लांब झग्यातील सरदारालाही तोल न सावरता डौलाने चढता यावे. वर दारियसचा दरबारमहाल होता. त्याच्या आतल्या दालनात ३६ खांब, प्रत्येक सुमारे २० मीटर उंच, आणि खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले दोन दोन दगडी बैल. त्या बैलांच्या पाठीवर छताच्या तुळया टेकलेल्या. मुंबईच्या फोर्ट भागातील माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल ज्यांनी पाहिले असतील, त्यांना पर्सिपोलिसच्या महाद्वाराची थोडी कल्पना येईल. तेथेही असेच बैल पहाऱ्याला उभे आहेत.

आज हे सारे दगड करडे दिसतात. पण बारकाईने तपासले असता त्यांच्या खाचाखोचांतून निळ्या, तांबड्या, हिरव्या रंगांचे कण निघाले आहेत. म्हणजे आज ज्याला आपण गंभीर म्हणतो, ते शिल्प त्या काळी आपल्याकडच्या एखाद्या दाक्षिणात्य गोपुरासारखे रंगांनी झगमगत होते!

महालाच्या जिन्यावर २३ देशांच्या लोकांची मिरवणूक कोरलेली आहे. प्रत्येकजण आपापल्या मुलखाची वस्तू घेऊन राजाच्या भेटीला निघाला आहे. कोणी उंट आणला आहे, कोणी घोडे, कोणी मेंढे. आणि त्या रांगेत आपल्या सिंधूकाठची माणसेही आहेत. उघडे अंग, कमरेला धोतरासारखे वस्त्र, आणि त्यांतील एकाच्या खांद्यावर चक्क कावड! कावडीच्या दोन्ही पारड्यांत लहान लहान पिशव्या आहेत. त्या पिशव्यांत सोन्याची भुकटी असावी, असे विद्वान मानतात, कारण भारतातून इराणच्या खजिन्यात दरसाल सोन्याची भुकटी जमा होई, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने लिहून ठेवले आहे. राजांची नावे शिलालेखांत राहिली. या कावडवाल्याचे नाव कोणी लिहिले नाही, पण त्याचे वाकलेले खांदे अडीच हजार वर्षे दगडात राहिले आहेत.

मग मावळे खात काय होते? याचे उत्तर १९३३ साली मिळाले. शिकागो विद्यापीठाचे संशोधक तेथे उत्खनन करीत असता तटाच्या एका भागात मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. त्यांवर पराक्रम नव्हते, काव्य नव्हते. होता तो कोठीघराचा हिशेब! कोणत्या टोळीला किती धान्य दिले, कोणत्या प्रवाशाला वाटेत किती पीठ मिळाले, कोणाला किती मद्य. प्रवाशांच्या या नोंदींत भारताकडून येणारे आणि भारताकडे जाणारेही आहेत. त्यांत कारागिरांच्या टोळ्यांवर देखरेख करणाऱ्या स्त्रिया भेटतात. त्यांतील काहींचा शिधा सामान्य पुरुष मजुराहून अधिक असे, आणि त्यांना मटणाचा वाटाही मिळे. बाळंतिणींना वेगळा शिधा होता. हे वाचून आपण मान डोलावतो न डोलावतो तोच पुढली ओळ येते: मुलगा झाला तर जेवढे, मुलगी झाली तर त्याच्या निम्मे. हा हिशेब वाचताना मान खाली जाते, कारण तो आपल्याला पुरता परका वाटत नाही.

इ. स. पूर्व ३३० मध्ये अलेक्झांडरच्या सैन्याने पर्सिपोलिसला आग लावली. देवदाराच्या तुळया धडधडून पेटल्या, छते कोसळली. गंमत अशी की खजिन्याच्या इमारतीत मजुरांच्या वेतनाच्या ज्या कच्च्या मातीच्या पाट्या होत्या, त्या त्याच आगीत भाजून पक्क्या झाल्या. राजाचे सिंहासन गेले, मजुराचा पगार मात्र नोंदलेला राहिला.

आता पश्चिमेकडे आणि पाचएकशे वर्षे पुढे, रोमला जाऊ. पर्सिपोलिस हे राजाचे नगर, तर रोम हे गर्दीचे. राजा आला की पर्सिपोलिस जागे होई आणि तो सूसा किंवा बाबिलोनला गेला की पेंगू लागे. रोमला रात्रीही झोप नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे सुमारे दहा लाख माणसे दाटीवाटीने राहत होती, असा अंदाज आहे. दिवसा गाड्यांना रस्त्यावर बंदी. म्हणून रात्रभर मालाच्या बैलगाड्या फरसबंदीवरून खडखडत जात. युव्हेनाल या कवीने तर तक्रारच केली आहे, की या शहरात झोपायचे तर श्रीमंत असावे लागते.

सामान्य रोमन माणूस संगमरवरी वाड्यात राहत नसे. तो राहत असे आपल्या गिरगाव-परळच्या चाळींची आठवण व्हावी अशा चारपाच मजली भाड्याच्या इमारतींत. तळमजल्यावर दुकाने, पहिल्या मजल्यावर बरी बिऱ्हाडे, आणि जसजसे वर जावे तसतसे भाडे कमी आणि दैन्य अधिक. वर पाणी नाही, धूर जायला वाट नाही, आणि आग लागली तर सर्वांत शेवटी कळणार ते वरच्या मजल्याला. मालक मंडळी मजल्यावर मजले चढवीत, म्हणून ऑगस्टस बादशहाने रस्त्यालगतच्या इमारतींना ७० रोमन फुटांची मर्यादा घातली आणि रात्रीच्या पहाऱ्यासाठी आग विझवणाऱ्यांच्या सात तुकड्या नेमल्या. तरीही इ. स. ६४ च्या महान आगीत शहराच्या १४ विभागांपैकी अवघे चार सुखरूप राहिले.

एवढ्या माणसांना प्यायला पाणी कोठून येई? रोमचे खरे वैभव येथे आहे. इ. स. पूर्व ३१२ पासून पुढील पाचशे वर्षांत रोमनांनी ११ कालवे बांधून दूरदूरचे झरे शहरात आणले. इ. स. ५२ मध्ये पुरा झालेला क्लॉडियसचा कालवा सुमारे ६९ किलोमीटर लांब होता. यातील बहुतेक वाट जमिनीखालून. मैदान आले की मात्र कमानींवरून. चौकाचौकांत हौद भरून वाहत, स्नानगृहांत अगदी क्षुल्लक नाणे टाकून कोणीही गरम पाण्याने न्हाऊ शके. इ. स. ९७ मध्ये पाणीखात्याचा अधिकारी झालेला फ्रंटायनस आपल्या ग्रंथात कालव्यांची मोजमापे देतो आणि मध्येच चिडून सांगतो, की लोक रस्त्याखालच्या नळांना भोके पाडून पाणी चोरतात आणि खात्यातलीच माणसे त्यांना सामील असतात! दोन हजार वर्षांत नळ बदलले. माणूस बदललेला दिसत नाही.

आणि धान्य? ते इजिप्त, आफ्रिका, सिसिली येथून जहाजांनी येई; सुमारे दोन लाख नागरिकांना ते फुकट वाटले जाई. ज्यांच्या शेतातून ते उपसले जाई त्यांची, आणि ते वाहणाऱ्या गुलामांची यादी मात्र कोणी चौकात लावली नाही. तेलाची मातीची भांडी रिकामी झाली की एका ठिकाणी फेकून देत. त्या खापरांची ३५ मीटर उंच टेकडी झाली. ती रोममध्ये आजही उभी आहे. विजयस्तंभ उभारावे लागतात. खापरांची टेकडी आपोआप उभी राहते, म्हणून ती अधिक खरे बोलते.

रोमच्या या पोटात आपला महाराष्ट्रही होता. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात कल्याण, सोपारा, पैठण आणि तेर ही नावे येतात. पैठणचे मणी आणि तेरचे कापड बिकट वाटांनी गाड्यांवरून भडोचला जाई आणि तेथून जहाजावर चढे. त्या बाजूने काय आले याची खूण कोल्हापुरात आहे: ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती. रोमन बाई तेरचे तलम वस्त्र नेसून मिरवत असेल तेव्हा ते विणणाऱ्या साळ्याच्या घरी दिवा कोणत्या तेलाचा जळत होता, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

शेवटी रोमचे काय झाले? इ. स. ५३७ मध्ये गॉथ लोकांनी वेढा घातला आणि कालवे तोडले. आधीच रोडावलेली वस्ती नदीकाठच्या सखल भागात सरकली. उंच टेकड्यांवरची प्रासादतुल्य स्नानगृहे कोरडी पडली. तलवारीने जे पुरते मेले नव्हते, ते तहानेने ओस पडले. बहुतांशी जमिनीखालून येणारा व्हर्गो कालवा मात्र दुरुस्त होत होत टिकला, आणि आजही त्रेव्हीच्या प्रसिद्ध कारंज्याला पाणी देतो. प्रवासी तेथे नाणी टाकतात ती बहुधा कारंज्यावरील मूर्तींकडे पाहून.

नगराचे वैभव खांबांच्या उंचीवर मोजायचे, की सर्वांत वरच्या मजल्यावरच्या माणसापर्यंत किती पाणी पोचले यावर? पर्सिपोलिस आणि रोम या दोघांनीही डोळे दिपवले. पण दोघांचेही बळ राजसभेत नव्हते, ते कोठीघरात आणि कालव्यात होते. ते सुटले आणि खांब नुसते उभे राहिले.

तुळशीचे लग्न झाले की आमचा किल्ला मोडतो. चित्रे कागदात गुंडाळून खोक्यात जातात. यंदा मी नातवाला एकच विनंती केली आहे: महाराज, मावळे, भाजीवाली हे सारे असू दे, पण पायथ्याच्या वाटेवर एक कावडवालाही कर. मातीचा पुरे. नाव घालायची गरज नाही.