मालकीची सदनिका आणि अभिहस्तांतरणाचा प्रश्न
१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने भाडी गोठली. चाळी बांधून भाड्याने देणे लाभाचे उरले नाही आणि बांधकाम व्यवसाय हळूहळू मालकी तत्त्वावरील सदनिकांकडे वळला. या व्यवहारातील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकी सदनिका अधिनियम झाला. करारापूर्वी किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याने मनाई केली आणि रहिवाशांच्या संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचे दायित्व विकासकावर टाकले.

प्रत्यक्षात अनेक संस्थांना अभिहस्तांतरण मिळालेच नाही. या विलंबामागे व्यावसायिक हिशेब होता. जमीन विकासकाच्या नावे राहिली, की वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाचा लाभही त्याच्याच हाती राही. सदनिकेचे पूर्ण मूल्य मोजलेला रहिवासी मात्र इमारतीखालच्या भूमीला पारखा होई व पुनर्विकासाच्या वेळी अडून पडे.

२००८ च्या दुरुस्तीने सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत मानीव अभिहस्तांतरणाची वाट मोकळी केली. २०१६ च्या केंद्रीय स्थावर संपदा अधिनियमाने करारपूर्व रकमेची मर्यादा १० टक्क्यांवर आणली आणि खरेदीदारांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले. तथापि, संस्थेला भूमी मिळावी हे तत्त्व १९६३ मध्येच मान्य झाले होते. पुढील ४५ वर्षे उणीव राहिली ती त्याच्या पालनाची.