दुधाच्या कारखान्यालाही इतिहास असतो

वारसा म्हटले की आपल्याला किल्ले, दर्गे, मंदिरे, जुन्या मशिदी आठवतात. फार तर इंग्रजांनी बांधलेले एखादे रेल्वे स्टेशन. दुधाच्या कारखान्याकडे त्या नजरेने कुणी पाहत नाही. म्हणूनच कुर्ल्याच्या मदर डेअरीविषयी लिहावेसे वाटते.

जून २०२४ मध्ये राज्य सरकारने कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरातील या डेअरीची सुमारे साडेआठ हेक्टर जमीन धारावी पुनर्विकास प्रकल्पाला देण्याचा निर्णय घेतला. स्थानिक रहिवाशांनी विरोध केला, तिथे उद्यान व्हावे अशी मागणी केली. झाडांची चर्चा झाली, जमिनीच्या किमतीची झाली. इमारतीच्या इतिहासाची फारशी झाली नाही.

हा इतिहास दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सुरू होतो. तेव्हा मुंबईचे बरेचसे दूध शहरातल्याच तबेल्यांतून यायचे. दाटीवाटीत बांधलेल्या म्हशी, शेणाचे ढीग आणि दुधात सर्रास पाणी. म्हैस आटली की तिला पोसणे परवडत नसे, मग चांगली दुभती जनावरेही कसायाकडे जात. १९४५ मध्ये सरकारने बॉम्बे मिल्क स्कीम सुरू केली आणि गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याचे दूध रेल्वेने मुंबईला येऊ लागले. पाठोपाठ १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. शहरातले तबेले तिथे हलवायचे आणि दूध कारखान्यात तापवून, थंड करून, बाटलीबंद करून विकायचे, अशी ती योजना होती. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी आरेचे उद्घाटन केले.

यामागे दारा खुरोडी हे पारशी अधिकारी होते. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून तो तीन टक्क्यांवर आणला, तर तेवढ्याच दुधात जास्त घरांची सोय होते आणि भावही उतरतो. आज आपण ज्याला टोन्ड दूध म्हणतो, ती कल्पना खुरोडींची. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना, त्रिभुवनदास पटेलांना आणि वर्गीस कुरियन यांना मिळून देण्यात आला. एक पारशी, एक हिंदू, एक ख्रिस्ती. या देशाचे दूध असे सगळ्यांनी मिळून उभे केले आहे.

१९७० मध्ये ऑपरेशन फ्लड सुरू झाले. त्याच्या पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे होती. कुर्ल्याची मदर डेअरी त्याच काळाची खूण आहे.

अशा इमारतीत नक्षीकाम शोधू नये. तिची रचना कामातून घडलेली असते. टँकर उभा राहील अशा बेताचा धक्का, लागूनच दूध तपासण्याची प्रयोगशाळा, पुढे ७२ अंशांवर पंधरा सेकंद दूध तापवणारी यंत्रे, मग शीतगृह आणि शेवटी पहाटे गाड्या भरण्याची जागा. दूध ज्या वाटेने गेले, त्या वाटेने इमारत वाचता येते. शहर कसे जेवत होते, हे सांगणारा हा दस्तऐवज आहे.

मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट वेगळी आहे. आपल्या समाजात कुणाच्या हातचे घ्यायचे आणि कुणाच्या नाही, याचे हिशेब फार जुने आहेत. सरकारी दुधाने ते हिशेब निदान केंद्रापुरते बाजूला ठेवले. दूध कुणी काढले, कुणी भरले, हे विचारायची सोयच उरली नाही. आमच्याकडे ईदच्या शिरखुर्म्याला आणि शेजारी कोजागरीला दूध एकाच केंद्रावरून यायचे, रांगही एकच असायची.

आता अवघड प्रश्न. धारावीतल्या माणसाला घर हवे आहे. त्यात आपलीही माणसे कमी नाहीत. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला वारशाचे प्रवचन देण्याचा मला अधिकार नाही. पण घर आणि इतिहास यांतले एकच निवडा, ही अट कुणी घातली? साडेआठ हेक्टरात एखादे दालन राखून तिथे वाचनालय, बाजार किंवा दवाखाना चालवता येतो. नव्या वस्तीलाही त्यांची गरज लागणारच. पाडायचेच ठरले, तर आधी नकाशे काढावेत, छायाचित्रे घ्यावीत, तिथे राबलेल्या कामगारांच्या आठवणी नोंदवाव्यात.

मुंबईत वारसा इमारतींची नियमावली १९९५ पासून आहे. तिच्या आधाराने राजवाड्यांसारख्या इमारती वाचल्या, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण कुर्ल्याने स्वदेशी मिल पाहिली, प्रीमियरचा मोटार कारखाना पाहिला. उपनगरांचा इतिहास हा असा, भोंग्याचा आणि पाळीचा. राबणाऱ्यांच्या इमारती यादीबाहेर राहिल्या, तर राबणारेही इतिहासाबाहेर राहतील.

कुणाच्या घरी जुने दूधकार्ड, डेअरीतला फोटो, वडिलांचे ओळखपत्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. सरकार नोंद करील तेव्हा करील. आपण आपली नोंद आजपासून ठेवू शकतो.